अंतरपाटाला सुटलेल्या दशा

ताईच्या लग्नाची डीव्हीडी लॅपटॉपवर लावली होती. मंगलाष्टकं संपतात, भटजी शेवटचं 'सावधान' म्हणतात आणि अंतरपाट उत्तरेकडे ओढला जातो. नेमकं तिथं मी चित्र थांबवलं, तर अंतरपाटाला दशा सुटलेल्या. मधलं कापड सलग, पण सरकणाऱ्या कडेला आडवे धागे बाहेर आलेले. एक लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब, एक आखूड, काठ कुणीतरी उसवून ठेवावा तसे. हवेत उडालेल्या अक्षतांचीही तीच गत, प्रत्येक तांदळाच्या बारीक चकत्या झालेल्या. ताईच्या मुंडावळ्या मात्र धड होत्या, कारण त्या क्षणी ताई हललीच नव्हती.

आप्पा मागे उभे होते. अमळनेराहून सुरतेला येऊन त्यांची चाळीस वर्षं उधन्यातल्या लूमच्या खात्यांत गेली, बारा-बारा तासांच्या पाळ्या करण्यात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याशी नाक नेलं आणि म्हणाले, "हे विणतानाच बिघडलंय. एका राचेचे धागे पुढे गेलेत, दुसरीचे मागे राहिलेत."

मी हसणार होते. मग लक्षात आलं की याहून नेमकं निदान दुसरं होऊ शकत नाही.

यंत्रमाग ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. साध्या विणीत ताण्याचे धागे दोन राचांत वाटलेले असतात. पहिला, तिसरा, पाचवा एका राचेत आणि दुसरा, चौथा, सहावा दुसरीत. एक राच वर उचलली जाते, मधल्या फटीतून धोटा पलीकडे जातो, फणी पुढे येऊन आडवा धागा ठोकून बसवते. मग ती राच खाली, दुसरी वर, धोटा परत. विषम, सम, विषम, सम. दोन्ही राचांचा मेळ जमला की कापड, चुकला की चिंधी. टीव्हीचं चित्र १९३६ पासून पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जवळपास याच रीतीनं बनत आलं. आधी विषम ओळी, मग सम ओळी. त्या रीतीला नाव मिळालं तेही विणकामाच्या शेजारचं, इंटरलेस. लेस म्हणजे आपल्या ब्लाउजच्या बाहीला लावतात तीच, आणि त्या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या फासाच्या नावात आहे. एकमेकांत फास अडकवत गुंफणं, असा त्याचा सरळ अर्थ.

गुंफण्याची गरज कशापायी पडली, ती गोष्ट सिनेमापासून सुरू होते. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं धावतात, पण चोवीस वेळाच उजेड पडला तर पडदा लुकलुकतो आणि डोळे दुखतात. म्हणून प्रोजेक्टरचं झाकण एकेक चित्र दोनदा उघडून दाखवतं. फिल्म समोर थांबलेलीच असते, दोनदा दाखवायला काय जातं? टीव्हीची अडचण अशी की त्याच्याजवळ थांबलेलं असं काही नव्हतंच. चित्र हवेतून ओळी-ओळीनं येई, आत इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर ती ओळ ओढत जाई, आणि पुढच्या क्षणी ती विझायला लागे. चित्र साठवून पुन्हा दाखवायला लागणारी स्मृती १९३० साली कुणाच्या स्वप्नातही नव्हती. सेकंदाला २५ चित्रं पाठवावीत तर पडदा लुकलुकणार, ५० पाठवावीत तर हवेतली दुप्पट जागा खाणार.

यातून वाट काढली ती एक ओळ सोडून लिहिण्याच्या युक्तीनं. महापालिकेच्या मराठी शाळेत बाई आम्हाला निबंध एक ओळ सोडून लिहायला लावायच्या. आता कल्पना करा की पानाच्या तळाला पोचल्यावर वही न उलटता पुन्हा वरून सुरुवात केली आणि सोडलेल्या ओळी भरत आलो. पान एकच, पण त्यावरून हात दोनदा फिरला. टीव्हीत या एकेका फेरीला फील्ड म्हणतात. पहिल्या फील्डमध्ये विषम ओळी, दुसऱ्यात सम. सेकंदाला चित्रं २५, पण काचेवर उजेडाच्या फेऱ्या ५०. हवेतली जागा वाढली नाही आणि लुकलुकही गेली. विझत चाललेल्या ओळींच्या मधे नव्या ओळी येऊन बसतात तेव्हा आपला डोळा त्यांची शिवण शोधत बसत नाही.

ही युक्ती एकाच डोक्यातून निघालेली नाही. शिकागोत यू. ए. सनाब्रिया या तरुणानं १९२० च्या दशकातच फिरत्या चकतीच्या यांत्रिक टीव्हीवर ४५ ओळी तीन फेऱ्यांत वाटून पाहिल्या होत्या. बर्लिनमध्ये टेलिफुंकेन कंपनीच्या फ्रिट्झ श्रोटर यांनी १९३० साली पेटंटचा अर्ज केला. अमेरिकेत आरसीएच्या रँडल बॅलार्ड यांनी १९३२ साली. पण सगळ्या जगासमोर तिची परीक्षा झाली लंडनमध्ये. २ नोव्हेंबर १९३६ रोजी अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीनं नियमित प्रक्षेपण सुरू केलं, आणि पहिले काही महिने दोन पद्धती आलटून पालटून चालवल्या. एक आठवडा जॉन लॉगी बेअर्ड यांची, २४० ओळींची, सेकंदाला सलग २५ चित्रांची. पुढचा आठवडा मार्कोनी-ईएमआयची, ४०५ ओळींची, गुंफलेली, ५० फील्डची. १९३७ च्या फेब्रुवारीत बेअर्ड यांची पद्धत बंद झाली. ज्या माणसाचं नाव शाळेच्या पुस्तकात टीव्हीचा जनक म्हणून आपण पाठ केलं, त्याची पद्धत तीन-चार महिन्यांत पडली. त्याला इतरही कारणं होती, नुसतं इंटरलेस नव्हे. पण लुकलुकणारं चित्र आणि स्थिर चित्र शेजारी-शेजारी पाहिल्यावर फारसा वाद उरत नाही.

४०५ हा आकडा विचित्र वाटतो ना? आपला ६२५ तरी कुठे सरळ आहे, आणि अमेरिकेचा ५२५? तिन्ही विषम आहेत, आणि ते मुद्दाम. ६२५ चे दोन समान भाग करा, ३१२ आणि वर अर्धी ओळ. सगळी गंमत त्या अर्ध्या ओळीत आहे. पहिली फेरी तळाला अर्ध्या ओळीवर संपते, त्यामुळे दुसरी फेरी वर अर्ध्या ओळीपासून सुरू होते आणि तिच्या ओळी आपोआप पहिल्या ओळींच्या मधे पडतात. झोताला कुणी वेगळं सांगावं लागत नाही की आता मधल्या जागा भर. आकड्यांचे अवयव पाडून पाहा: ६२५ म्हणजे चार वेळा पाच, ४०५ म्हणजे चार वेळा तीन आणि एक पाच, ५२५ म्हणजे तीन, पाच, पाच, सात. व्हॉल्व्हच्या त्या काळातल्या मंडलांना लहान विषम संख्यांनी भागणं सोपं जाई, म्हणून असे आकडे निवडले. आणि ५० फील्ड का, तर विजेच्या तारेतही सेकंदाला ५० आवर्तनं. दोन्ही ताल जुळले की विजेची गुणगुण चित्रात पट्टे होऊन तरंगत नाही. अमेरिकेत वीज ६० ची, म्हणून त्यांचे फील्ड ६०.

भारतात हा वारसा ६२५ ओळींसकट आला. दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी. गुजरातेतलं पहिलं नाव घ्यायचं तर ते कुठल्या शहराचं नाही, खेडा जिल्ह्यातल्या पीज गावाचं. १९७५ पासून तिथल्या छोट्या ट्रान्समीटरवरून इस्रोच्या अहमदाबाद केंद्राचे शेतीचे, आरोग्याचे कार्यक्रम आसपासच्या खेड्यांत पोचत. रंग आला १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या तोंडावर, आणि तो पाल पद्धतीचा, टेलिफुंकेनच्याच वॉल्टर ब्रुख यांनी घडवलेला. रंग चढला तरी खालची वीण तीच. ६२५ पैकी डोळ्याला दिसणाऱ्या ओळी ५७६, एका फील्डमध्ये २८८. हे दोन आकडे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहेत.

ताईचं लग्न १९९९ च्या मे महिन्यातलं, उधन्यातल्या एका वाडीत. सुरतेत मंगल कार्यालयाला वाडीच म्हणतात, त्यात झाड एक नसलं तरी. खांद्यावर भला मोठा व्हीएचएस कॅमेरा घेतलेला माणूस, त्याच्या मागे हॅलोजनचा दिवा धरलेला पोऱ्या आणि दिव्याच्या वायरीला अडखळणारे पाहुणे, हे दृश्य ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आणखी सांगायला नको. त्या दिव्यानं हळदीत नवरीच्या आधी करवलीच भाजून निघत. करवली मी होते.

व्हीएचएसच्या यंत्रात ६२ मिलिमीटर व्यासाचा एक तिरपा ड्रम असतो. त्यावर समोरासमोर दोन हेड, आणि पाल पद्धतीत ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २५. अर्ध्या फेऱ्यात एक हेड टेपवर एक तिरपी रेघ ओढतो, उरलेल्या अर्ध्यात दुसरा हेड दुसरी. एक रेघ म्हणजे बरोबर एक फील्ड. एक हेड विषम, एक हेड सम. आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे दोन राचाच की." आणखी एक गोष्ट इथं महत्त्वाची. सिनेमाचा कॅमेरा एका क्षणी पूर्ण चित्र टिपतो, लग्नातला व्हिडिओ कॅमेरा तसं करत नाही. तो आधी विषम ओळी टिपतो आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम ओळी. तेवढ्या वेळात अंतरपाट चार बोटं सरकलेला असतो. म्हणजे एकाच चित्रात दोन वेळा नांदतात. एका वेळेला अंतरपाट इथं, दुसऱ्या वेळेला तिथं, आणि ओळी एकाआड एक.

जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीवर हे कधीच दिसलं नाही, कारण तो टीव्हीही त्याच क्रमानं चित्र काढत होता. विषम आधी, सम नंतर, मधे तेवढाच पन्नासावा भाग. घेणारा आणि देणारा एकाच तालावर. दशा सुटल्या त्या एलसीडीच्या पडद्यावर. तो विषम-सम अशा फेऱ्या करत नाही, पूर्ण चित्र एकत्रच दाखवतो. त्याच्या हातात दोन वेळांचं मिश्रण पडतं आणि तो ते प्रामाणिकपणे जसंच्या तसं समोर ठेवतो. या दोषाला तंत्रज्ञांनी नाव दिलंय कंगव्याचं. आपल्याकडे कंगवाही फणी आणि मागावर धागा ठोकते तीही फणी, त्यामुळे आम्हाला ते फारसं परकं वाटलं नाही.

२००४ साली ताईच्या तीन तासांच्या कॅसेटच्या दोन डीव्हीडी करून घेतल्या. तोवर सुरतेत घरोघरी व्हीसीडी होत्या. व्हीसीडीत चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. हा २८८ ओळखीचा आहे. व्हीसीडीनं इंटरलेसचा प्रश्न सोडवला नाही, तो एक फील्ड फेकून देऊन मोकळा झाला. अर्ध्या ओळी गेल्या, अर्धी गती गेली. डीव्हीडी तशी नव्हती. १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये ती बाजारात आली तेव्हा घराघरांत काचेचे टीव्ही होते, म्हणून तिच्यातल्या एमपेग-टू पद्धतीनं दोन्ही फील्ड जपले. पालमध्ये ७२० गुणिले ५७६, आणि प्रत्येक चित्रासोबत एक छोटी खूण की वरचं फील्ड आधी दाखवायचं की खालचं. व्हीएचएसच्या टेपमध्ये आडवा तपशील जेमतेम २४० ओळींइतकाच भरतो, त्यामुळे ७२० ठिपके म्हणजे सांडग्याला पिंप. पण ५७६ ओळी आणि पन्नास फेऱ्या, या दोन्ही गोष्टी डीव्हीडीनं टिकवल्या, आणि त्याच मोलाच्या होत्या.

कॅसेट ताईच्या सासरी होत्या, रांदेरला, तळमजल्यावर. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. रांदेर, अडाजण पाण्यात. पाणी ओसरल्यावर कॅसेटची खोकी उघडली तेव्हा आत गाळ होता. डीव्हीडी मात्र उधन्याला आमच्या माडीवर पत्र्याच्या पेटीत होत्या, म्हणून वाचल्या.

गेल्या वर्षी ताईच्या मुलाला आईबाबांचं लग्न फोनवर बघायचं होतं. आमच्या लॅपटॉपला डीव्हीडीचा खण नाही, हल्ली कुणाच्याच नसतो. म्हणून एका दुकानात दोन्ही डिस्क दिल्या, पेनड्राइव्हवर करून आणल्या. घरी लावलं तर सगळीकडे लाइनी. नुसत्या थांबवल्यावर नव्हे, चालू असतानाही. परत गेले तर दुकानदार म्हणाला, "लाइनो तो आवे ज ने बेन, जूनी डीव्हीडी छे." डीव्हीडी जुनी आहे म्हणून लाइनी येत नाहीत, हे त्याला पटवून देण्याइतकं ज्ञान तेव्हा माझ्याकडेही नव्हतं. त्यानं काय केलं होतं ते नंतर कळलं. ५७६ ओळींचं गुंफलेलं चित्र न उकलताच ७२० ओळींपर्यंत ताणलं होतं. ताणताना विषम-सम ओळी एकमेकींत मिसळल्या. आता कुठली ओळ कुठल्या वेळेची, हे कुणालाच सांगता येणार नाही. भरलेलं कापड आटल्यावर धागे मोजायला बसावं, तसा प्रकार. तो पेनड्राइव्ह वाया गेला. मूळ डिस्क शाबूत होत्या म्हणून निभावलं.

बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला आणि स्वतः बसले. यातली पहिली गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि ती कंटाळवाणी असल्यामुळे कुणी करत नाही. डिस्कवरचं 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर आहे तसं उचलून ठेवायचं. आतल्या व्हीओबी फायली, एकेक साधारण एक जीबीची, काही न उकलता, न सुधारता. एक डिस्क ४.७ जीबीच्या आतली, दोन मिळून ९ च्या आसपास. आजच्या हार्ड डिस्कवर तेवढी जागा कुणाला जड नाही. याला जपणं म्हणतात. दशा-बिशा सोडवणं हे पुढचं काम, ते या प्रतीला हात न लावता वेगळ्या प्रतीवर करायचं. आज ज्या हत्यारानं सोडवाल त्याहून चांगलं हत्यार दहा वर्षांनी येईल, आणि तेव्हा हाताशी मूळ वीण लागेल.

सोडवण्याच्या पद्धतींची नावं पाहून मात्र आप्पा खूश झाले. पहिली पद्धत वीव्ह, म्हणजे विणणं. दोन फील्ड एकमेकांत घालून द्यायचे, बाकी काही नाही. स्थिर चित्रात अप्रतिम, हलत्या चित्रात दशा. दुसरी ब्लेंड. दोन्ही फील्ड एकमेकांवर पातळ करून चढवायचे, दशा जातात पण अंतरपाटाची दोन भुतं दिसतात. बाजारातली पुष्कळ रूपांतरं ही अशीच असतात, आणि मला ती दशांपेक्षा वाईट वाटतात, कारण दशा निदान सोडवता येतात, ही भुतं उतरत नाहीत. तिसरी बॉब. एकेक फील्ड स्वतंत्र घ्यायचं, मधल्या ओळी अंदाजानं भरायच्या आणि ५० फील्डची ५० पूर्ण चित्रं करायची. गती सगळी टिकते. नुसतं ढोबळपणे केलं तर चित्र वरखाली डुचमळतं, म्हणून तर नाव बॉब. शहाणे प्रोग्राम जागा पाहून ठरवतात की जिथं काही हलत नाही तिथं विणायचं आणि हलतंय तिथं भरायचं. त्यातला एक प्रसिद्ध प्रोग्राम मायकेल नीडरमायर यांचा, त्याचं नाव याडिफ, म्हणजे 'आणखी एक डी-इंटरलेसर' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप. इतके झाले होते की नाव ठेवायलाही कंटाळा आला असावा. क्यूटीजीएमसी हा त्याहून सावकाश आणि सुंदर. माझ्या लॅपटॉपवर तो एका डिस्कला रात्रभर पंखा फिरवत बसतो.

मोफत मिळणाऱ्या प्रोग्रामांत लोकांच्या तोंडी असलेलं नाव हँडब्रेक. त्यात काय किंवा दुसऱ्या कशात काय, एक चूक बहुतेक जण करतात. दशा जातात, पण सेकंदाला चित्रं २५ च उरतात. निम्म्या वेळा गळून पडतात. लेझीम खेळणाऱ्यांचे हात तुटक दिसायला लागतात, आणि लोक म्हणतात, जुनं चित्रीकरण असंच असतं. ते तसं नव्हतं. कॅमेरा सेकंदाला पन्नास वेळा पाहत होता. बघायची प्रत ५० चित्रांचीच करावी.

सिनेमाच्या डीव्हीडीला मात्र हे काही करू नये. तिथं दोन्ही फील्ड फिल्मच्या एकाच चित्रातून काढलेले असतात, वेळ एकच, त्यामुळे विणून दिले की काम झालं. सोडवायला जाल तर धड कापड उसवाल. जाता जाता एक. पाल पद्धतीत २४ चित्रांचा सिनेमा सरळ २५ च्या वेगानं चालवतात, चार टक्के जलद. ओळखीचं गाणं पाल डीव्हीडीवर चढं लागतं, पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या पाऊणपटीहून थोडं कमी. आमच्या आत्यांना ते नेहमी जाणवायचं, आणि आम्ही त्यांच्या कानाला दोष द्यायचो.

कुणाकुणाला उगाच दोष दिला त्या यादीत कॅमेरावालाही आहे. दुसऱ्या डिस्कवर वरात आहे, आणि वरातीत चित्र सतत पुढे-मागे हिसके देतं. घोडा एक पाऊल पुढे, अर्धं मागे. वीस वर्षं आम्ही सगळे समजत होतो की कॅमेरावाला तोवर पिऊन आला होता. दारूबंदीच्या गुजरातेत ही म्हटलं तर गंभीर गोष्ट, म्हणून ती घरात दबक्या आवाजात सांगितली जायची. आता फील्ड सुटे करून पाहिले तर भानगड दुसरीच निघाली. कॅसेट संगणकात घेताना डीव्ही पद्धत वापरली असावी, तिच्यात खालचं फील्ड आधी येतं. डीव्हीडीवर खूण मारली गेली वरचं फील्ड आधी अशी. म्हणजे प्रत्येक जोडीतला नंतरचा क्षण आधी दाखवला जात होता आणि आधीचा नंतर. पुढे, मागे, पुढे, मागे. पहिल्या डिस्कला खूण बरोबर होती, दुसरीला चुकली. क्रम उलटा करायला सांगितला आणि घोडा सरळ चालायला लागला. कॅमेरावाल्याचा हात देवाच्या दिव्यासारखा स्थिर होता. त्याचा पत्ता आता कुणाकडे नाही.

इंटरलेसचा वंश आता थांबल्यात जमा आहे. एचडीच्या १०८० ओळींत तो अजून जिवंत आहे, केबलवरच्या कितीतरी वाहिन्या आजही गुंफलेलंच चित्र पाठवतात आणि घरचा टीव्ही ते मुकाट्यानं सोडवतो. पण २०१२ साली अतिउच्च दर्जाच्या टीव्हीसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक ठरलं त्यात इंटरलेस नावालाही नाही, सगळी चित्रं सलग. २०१३ च्या एचईव्हीसी या संकोचन पद्धतीनंही फील्डसाठीची खास हत्यारं ठेवली नाहीत.

आप्पांनी बघायच्या प्रतीत अंतरपाट तीनदा मागे घेऊन पाहिला. दशा गेल्या होत्या. अक्षता एकेक दाणा होऊन पडत होत्या. "आता वीण बसली," म्हणाले. मग आजीचा भाग लावायला सांगितला.

आजी त्या लग्नानंतर वर्षभरात गेली. तिचं दुसरं चलचित्र नाही. सूनमुखाच्या वेळी ती कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलते, बहुधा अहिराणीत 'हाई काय शे?', आणि तिथंच मिक्सिंगवाल्यानं तिला दिलाच्या आकाराच्या गुलाबी चौकटीत गोठवलंय, बाजूला दोन कबुतरं. अकरा सेकंद. मी तो तुकडा फील्ड सुटे करून पाहिला. त्या वेळचे मिक्सर चित्र गोठवताना ते थरथरू नये म्हणून एकच फील्ड धरून ठेवत आणि तेच परत परत देत. म्हणून आजीच्या चेहऱ्याला त्या अकरा सेकंदांत कंगव्याचा एकही दात नाही, एकही दशा नाही. ओळी फक्त २८८ आहेत. उरलेल्या २८८ त्या दुपारी कॅमेऱ्यानं टिपल्या होत्या, कॅसेटवरही असतील, पण मिक्सिंगच्या टेबलावर त्या गळल्या आणि मूळ कॅसेट तापीनं नेली.

"मधले धागे भरता येतात ना?" आप्पांनी विचारलं.

येतात, म्हटलं. पण ते यंत्राचे असतील, आजीचे नसतील.

त्यांनी तो भाग तसाच ठेवायला सांगितला, कबुतरांसकट.